निरगाठ

मंगळवारी अमळनेरला बाहेरगावची माणसं येतात.
मंगळाच्या देवळातून निघून
ओल्या कुंकवासकट माझ्या ओट्याशी टेकतात :
"पोवयं जोयजे, भाऊ. खरं शे ना?"

मी पटवा. सोनं सोनाराचं, मणी व्यापाऱ्याचा,
गाठ तेवढी माझी.
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून
बत्तीस वर्षं पोवळी ओवली
आणि बत्तीस वर्षं त्यांना दगड म्हणालो.

हेमांगी म्हणाली, आप्पा, दगड नाही तो.
मोहरीएवढे जीव, एकाला एक चिकटून,
अंगातूनच चुना काढून घर बांधतात,
बाप गेला की त्याच्या छपरावर पोराचं घर.
अशी हजार वर्षं वाढलेली आळी.

मी सुई खाली ठेवली.
"तुमचं लाल पोवळं वेगळं," ती म्हणाली,
"ते खोल, काळोखातलं.
मी सांभाळते ती उथळ पाण्यातली.
पण भाऊबंदच."

लेक माझी जामनगरकडे,
ओहोटीची वेळ बघून जेवणारी.
मे महिन्यात तिचा फोन आला.
इथं सेहेचाळीस. डांबर चपलेला धरत होतं,
आम्ही खिशात कांदा ठेवून
एकमेकांची थट्टा करत होतो.
"इथं पाणी दीड अंशानं तापलंय."
दीड? दीडासाठी आमच्यात कोणी पंखा वाढवत नाही गं.
ती हसली नाही.

प्रवाळाच्या पोटात एक बारीक शेवाळ नांदतं.
रंग त्याचा, भाकरही बरीचशी त्याचीच.
ताप सोसेना की प्रवाळ त्यालाच घराबाहेर काढतो
आणि पांढरा पडतो.
मेलेला नसतो तेव्हा. उपाशी असतो.
पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं.
नाहीतर माशांची बाळंतिणीची खोली मोडते,
आणि ज्या भिंतीशी लाट दमायची
ती भिंत जाते,
लाट न दमता गावात येते.

मी विचारलं, यात अमळनेरचं काय?
मग मीच बोरीच्या पुलावर जाऊन उभा राहिलो.
कोणी निर्माल्य सोडलं, पिशवीसकट.
बोरी तापीला, तापी सुरतेपुढं समुद्राला,
शाळेत पाठ केलं होतं हे.
माझ्या दुकानातले नायलॉनचे तुकडे
इतकी वर्षं कुंच्यानं गटारीत लोटले मी.
आता ते लोणच्याच्या बरणीत भरतो.
बरणी भरली आहे. पुढं काय करायचं, माहीत नाही.

श्रावणात तिनं वेगळंच विचारलं :
"आप्पा, पाण्यात सुटत नाही अशी गाठ कोणती?"
वादळानं तुटलेल्या फांद्या
ती लोखंडी चौकटीवर बांधते, नवी आळी वसवायला.
सुरगाठ मारायची ती. लाट ओढून सोडवायची.
मी व्हिडिओवर अंगठा दाखवला, दोरा दाखवला,
निरगाठ, वरून दुसरी, टोक आत.
नायलॉन नको, सुती घे, पाच पदरी.
प्रवाळानं चौकट धरेपर्यंत टिकेल,
मग कुजून जाईल, तेच बरं.
चार वेळा चुकली. लहानपणी ओट्यावर बसायची नाही कधी,
"मला नाही पटव्याचं काम करायचं" म्हणायची.
मी तसं काही बोललो नाही.

चाळीस फांद्या बांधल्या, तेवीस जगल्या.
तेवीस मोठ्यानं म्हणाली. सतरा हळूच.

हल्ली मंगळवारी मी सांगतो,
घरात जुनं असेल तर आणा, नव्यानं गाठवून देतो.
नवं पोवळं ठेवत नाही.
काही उठून समोरच्या दुकानात जातात.
एक पिंपळनेरचा माणूस मात्र बसला बराच वेळ,
मग म्हणाला, "मंगय रागावनार नही ना?"
मी म्हटलं, विचारून सांगतो.

काल निरोप आला : अजून दोनशे दोरे. वीतभर एकेक.
दिवा लावला. अंगठ्याला दोरा अडकवला.
एकशे चौदा झाले.